रेकॉर्ड बिएल्स्को-ब्याला (फुटसाल)

रेकॉर्ड बिएल्स्को-ब्याला हा पोलंडच्या दक्षिण भागातील बिएल्स्को-ब्याला ह्या शहरातील क्रीडासंघ असून तो मुख्यतः फुटसाल ह्या खेळासाठी ओळखला जातो. संघाची स्थापना १९९४ साली झाली. पोलंडच्या सर्वोच्च फुटसाल विभागाचे, म्हणजेच एक्स्त्राक्लासाचे, अजिंक्यपद ह्या संघाने २०१४ मध्ये प्रथम मिळवले आणि त्यानंतर २०१७ ते २०२१ अशी सलग पाच वर्षे ते स्वतःकडे राखले. पांढरा व हिरवा हे संघाचे रंग आहेत.

शहर व नाव

बिएल्स्को आणि ब्याला ही पूर्वी दोन वेगळी शहरे होती. मधून वाहणाऱ्या ब्याला नदीच्या पश्चिमेचे बिएल्स्को सिलेसियात, तर पूर्वेचे ब्याला गालिसियात मोडत असे. १ जानेवारी १९५१ रोजी दोन्ही शहरे एक झाली. बेस्किड पर्वतरांगेच्या पायथ्याशी वसलेले हे शहर आज श्लोंस्का प्रांतात आहे व त्याची लोकसंख्या सुमारे १.७ लाख आहे. लोकरीच्या कापडाचे केंद्र म्हणून ते नावारूपाला आले. पुढे १९७३ पासून येथे पोलिश फियाट १२६पी ही छोटी मोटार तयार होऊ लागली. मोठ्या मैदानावरील फुटबॉलमध्ये शहराचे प्रतिनिधित्व पोद्बेस्कीजे हा संघ करतो. तो २०११ मध्ये प्रथमच देशाच्या सर्वोच्च विभागात पोहोचला. सभागृहातील खेळात मात्र शहराची ओळख रेकॉर्डमुळे झाली.

‘रेकॉर्ड’ हे नाव विक्रमाशी संबंधित वाटत असले, तरी ते शहरातील एका संगणकप्रणाली बनवणाऱ्या कंपनीवरून आले आहे. पोलिश फुटसालमध्ये यात काही नवल नाही. क्लिअरेक्स होझूफ, गाटा झ्दुन्स्का वोला, विस्वा क्राकबेट क्राकूफ अशा संघांची नावे पुरस्कर्त्या उद्योगांचीच होती. त्यांतील गाटा हे तर पायमोजे बनवणाऱ्या उद्योगाचे व्यापारी नाव. प्रेक्षकसंख्या मर्यादित आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न तुटपुंजे असल्यामुळे ह्या खेळातील संघ पुरस्कर्त्याच्या आधारावर उभे राहतात आणि तो आधार सुटला की बऱ्याचदा कोसळतात. २०१३ व २०१५ मध्ये विजेता ठरलेला विस्वा क्राकबेट हा संघ त्यानंतर थोड्याच काळात सर्वोच्च विभागातून नाहीसा झाला.

खेळाचे स्वरूप

फुटसालमध्ये गोलरक्षकासह प्रत्येक बाजूला पाच खेळाडू असतात. प्रत्येकी २० मिनिटांचे दोन डाव खेळले जातात. चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते. चेंडू आकाराने लहान व कमी उसळणारा असतो. एका डावात संघाच्या खात्यावर पाच थेट अपराध जमा झाले की सहाव्या अपराधापासून प्रतिस्पर्ध्याला समोर खेळाडूंची भिंत नसलेली मुक्त किक मिळते. खेळाडू कितीही वेळा आणि सामना न थांबवता बदलता येतात. खेळाचा वेग इतका असतो की तीच चौकडी सतत मैदानावर ठेवणे शक्य नसते. म्हणून एखाद्या मोठ्या खेळाडूपेक्षा बाकावर बसलेल्या आठ-नऊ जणांची तयारी अधिक मोलाची ठरते. रेकॉर्डच्या यशाचा विचार ही बाब लक्षात घेऊनच करावा लागतो.

अजिंक्यपदे

रेकॉर्डचे पहिले अजिंक्यपद २०१३–१४ च्या हंगामातले. पुढील हंगामात ते विस्वा क्राकबेटकडे गेले आणि २०१६ मध्ये गाटाने ते पटकावले. त्यानंतरची पाच वर्षे मात्र रेकॉर्डचीच होती. २०१९–२० चा हंगाम कोव्हिड-१९ महासाथीमुळे अर्धवट थांबवावा लागला व गुणतक्त्यातील स्थानानुसार रेकॉर्डला विजेता घोषित करण्यात आले. मात्र त्याच्या आधीची तीन आणि नंतरचे एक अशी चार अजिंक्यपदे पूर्ण हंगाम खेळून मिळाली असल्याने ह्या मालिकेचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही.

ह्या सातत्यामागे संघाचे क्रीडासंकुल आणि त्याच्याशी जोडलेली क्रीडाशाळा यांचा मोठा वाटा आहे. शाळेतील विद्यार्थी फुटबॉल व फुटसाल असे दोन्ही खेळ शिकतात. परदेशी खेळाडू संघात येत राहिले, तरी पथकाचा गाभा पोलिश राहिला. स्लोव्हेनियात झालेल्या २०१८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत पोलंडचा राष्ट्रीय संघ २००१ नंतर प्रथमच पात्र ठरला होता. बलाढ्य रशियाला १–१ असे बरोबरीत रोखणाऱ्या त्या पथकात रेकॉर्डचे खेळाडू होते. मिखाऊ मारेक हा आक्रमक खेळाडूही रेकॉर्डकडून खेळून राष्ट्रीय संघात दाखल झाला.

युरोपीय स्पर्धा

देशांतर्गत विजेता म्हणून रेकॉर्डने २०१४–१५ मध्ये युएफा फुटसाल चषकात भाग घेतला. २००१ मध्ये सुरू झालेल्या ह्या स्पर्धेला २०१८–१९ पासून युएफा फुटसाल चॅम्पियन्स लीग असे नाव मिळाले. सलग अजिंक्यपदांमुळे रेकॉर्डला तीत वारंवार प्रवेश मिळत गेला. तथापि घरच्या वर्चस्वाचे प्रतिबिंब तेथे पडले नाही. स्पेन व पोर्तुगालमधील पूर्णतः व्यावसायिक संघांपुढे पोलिश फुटसालची मर्यादा उघड होते. २०२५ पर्यंत पोलंडचा एकही संघ ह्या स्पर्धेच्या अंतिम चारांत पोहोचलेला नाही.

२०२१ नंतर

२०२२ मध्ये पियास्ट ग्लिवित्से ह्या संघाने रेकॉर्डची मालिका खंडित केली. पियास्टने २०१९ मध्ये मोठ्या फुटबॉलचेही राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेले असल्यामुळे त्याच्या पाठीशी नाव व चाहते आधीपासूनच होते. २०२३ मध्ये लुबावा ह्या छोट्या गावातील कॉन्स्ट्रॅक्ट हा संघ विजेता झाला. सर्वोच्च विभागातील चुरस वाढली असली, तरी रेकॉर्ड तेथे टिकून आहे.

संघाचे कार्य फुटसालपुरते मर्यादित नाही. महिला फुटबॉल संघ देशाच्या सर्वोच्च विभागात खेळला आहे, तर पुरुष फुटबॉल संघाने २०२४ मध्ये तिसऱ्या स्तरावरील दुसऱ्या लीगमध्ये बढती मिळवली. त्यामुळे ज्या शहरात पोद्बेस्कीजे हाच फुटबॉलचा मुख्य संघ मानला जाई, तेथे दोन्ही संघ एकाच विभागात आले.