साक्षीचे मानसशास्त्र आणि लोकप्रबोधन : म्यून्स्टरबर्ग यांच्या प्रयत्नाची मीमांसा

न्यायालयीन मानसशास्त्र सामान्य वाचकांपर्यंत नेण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक ह्यूगो म्यून्स्टरबर्ग (१८६३-१९१६) यांचे स्थान अग्रभागी आहे. लाइपझिग येथे वुंट यांच्या हाताखाली तयार झालेले हे जर्मन पंडित विल्यम जेम्स यांच्या निमंत्रणावरून १८९२ मध्ये अमेरिकेस गेले. नियतकालिकांसाठी लिहिलेले त्यांचे लेख १९०८ मध्ये 'ऑन द विटनेस स्टँड' या नावाने ग्रंथरूप झाले.

ग्रंथातील एक उदाहरण त्यांच्या स्वतःच्याच घरातील आहे. १९०७ च्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी चोरी झाली आणि त्यांना शपथेवर साक्ष द्यावी लागली. चोर तळघराच्या खिडकीतून शिरले, असे त्यांनी सांगितले. वस्तुतः ते दार फोडून आले होते. इतरही तपशील चुकले. प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, हा सिद्धांत ग्रंथकाराने असा स्वतःवरच पडताळून दाखविला. वाचकांस तो पटला, यात नवल नाही.

परंतु याच वर्षी त्यांच्या हातून याच सिद्धांताची उपेक्षा झाली. आयडाहो राज्याचे माजी गव्हर्नर फ्रँक स्ट्यूनेनबर्ग यांचा १९०५ च्या डिसेंबरात बाँबने खून झाला होता. हॅरी ऑर्चर्ड याने गुन्हा कबूल करून खाणकामगार संघटनेच्या पुढाऱ्यांवर चिथावणीचा आरोप केला. त्यावरून विल्यम हेवूड यांच्यावर बॉयसी येथे खटला उभा राहिला. म्यून्स्टरबर्ग यांनी ऑर्चर्डवर शब्दसाहचर्याची कसोटी घेतली. तीत शब्द उच्चारल्यावर सुचणारा प्रतिशब्द व त्यास लागणारा वेळ यांवरून मनातील दडपण ओळखावयाचे असते. कबुलीजबाब खरा आहे, हे त्यांचे मत निकालापूर्वीच वृत्तपत्रात आले. ज्यूरीने मात्र जुलै १९०७ मध्ये हेवूड यांस निर्दोष ठरविले.

येथे दोन प्रश्नांची गल्लत झालेली दिसते. वक्ता आपले म्हणणे खरे मानतो काय, हा एक प्रश्न. ते म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे काय, हा दुसरा. प्रतिशब्दास लागणारा वेळ फार तर पहिल्याविषयी काही सुचवील. दुसऱ्याचा निर्णय पुराव्यानेच करावा लागतो. हेवूड यांचे प्राण दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून होते.

१९०९ मध्ये विधिपंडित जॉन विगमोर यांनी एका काल्पनिक खटल्याच्या रूपाने म्यून्स्टरबर्ग यांचा उपहासपूर्ण समाचार घेतला. न्यायालये ज्याचा उपयोग करतील असे सिद्ध ज्ञान मानसशास्त्राने अद्याप कोठे पुढे ठेवले आहे, हा त्यांचा सवाल होता. पुढे म्यून्स्टरबर्ग यांचे शिष्य मार्स्टन यांची रक्तदाबावर आधारलेली असत्यशोधन-कसोटी १९२३ मध्ये फ्राय खटल्यात अग्राह्य ठरली. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात (२०१०) अशा चाचण्या संमतीवाचून करण्यास मनाई केली.

तथापि साक्षीदाराच्या स्मृतीविषयी म्यून्स्टरबर्ग यांनी केलेली मूळ सूचना पुढील संशोधनाने भक्कम ठरली. त्यांचे लोकप्रबोधन शंका शिकवीत होते तोवर ते शास्त्रास धरून होते. निकाल देऊ लागताच त्याचा आधार सुटला.