वऱ्हाडातील मोहाची घरभट्टी आणि अबकारीचा कायदा

वऱ्हाड हा ज्वारीचा मुलूख. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत कापसाच्या खालोखाल ज्वारीचे पीक प्राचीन काळापासून घेतले जात आले. तथापि या धान्यसंपन्न प्रदेशात घरोघरी गाळली जाणारी दारू धान्याची नव्हती. ती मोहफुलांची होती. स्कॉटलंडातील शेतकरी आपल्या सातूची व्हिस्की घरीच गाळीत असे. चीनमध्ये तर ज्वारीचीच दारू गाळण्याची परंपरा दीर्घ काळ चालत आली आहे. मग वऱ्हाडात ज्वारी भट्टीवर का चढली नाही, या प्रश्नापासून येथील अबकारीच्या इतिहासाचा विचार सुरू करणे योग्य ठरेल.

त्याचे पहिले कारण रासायनिक आहे. धान्यात असतो तो स्टार्च. त्याची साखर झाल्यावाचून किण्वाला तो आंबवता येत नाही. त्यासाठी स्कॉटलंडात सातूला मोड आणून ते वाळवीत व भरडीत, तर चीनमध्ये बुरशीयुक्त विरजणाचा उपयोग करीत. मोहफुलात मात्र साखर तयारच असते. सुकलेली फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की ती आपोआप आंबतात. मग ते आंबवण मडक्यात घालून चुलीवर ठेवावयाचे, वाफ थंड पाण्याने निववावयाची आणि थेंबाथेंबाने उतरणारा अर्क धरावयाचा, एवढीच कृती. आरंभी उतरणारा अर्क सर्वांत तीव्र असतो. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतील वाक्प्रचार याच अनुभवातून रूढ झाला.

दुसरे कारण आर्थिक होय. ज्वारी म्हणजे माणसाची भाकर आणि तिचा कडबा म्हणजे बैलाचे वैरण. पेवातले धान्य हे दुष्काळाविरुद्धचे एकमेव संरक्षण असता ते भट्टीवर घालणे कुणब्याला परवडणारे नव्हते. याउलट मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडत व वेचणाऱ्याची होत. मेळघाटातील कोरकूंच्या दृष्टीने तर मोह हे अन्न, औषध, देवाचा नैवेद्य आणि लग्नाचा पाहुणचार अशा चारही नात्यांनी घरचे झाड होते. 1896-97 आणि 1899-1900 या दोन मोठ्या दुष्काळांत मध्य भारतातील वनवासी कुटुंबांना या फुलांचाच आधार मिळाला.

1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे आला. तत्पूर्वी अबकारीचे उत्पन्न मक्त्याने दिले जाई. मक्तेदाराला रकमेशी कर्तव्य असे. रानातल्या प्रत्येक चुलीवर नजर ठेवण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. इंग्रजी अमदानीत अबकारीचे धोरण क्रमाने केंद्रीकरणाकडे वळले. सुट्या भट्ट्यांच्या पद्धतीत परवानेदार ठरावीक रक्कम भरून आपल्या भट्टीत हवी तेवढी दारू गाळीत असे. 1905-06 च्या अखिल भारतीय अबकारी समितीने ही पद्धत मोडून मोठ्या कारखान्यातून दारूचा पुरवठा करावा आणि तीव्रतेनुसार कर घ्यावा, अशी शिफारस केली. मध्य प्रांताच्या 1915 च्या अबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे हा दंडनीय अपराध ठरला. कर तीव्रतेवर बसताच कर न भरलेला प्रत्येक शेर ही सरकारी नुकसानी झाली आणि कोरकूची चूल महसुलाची प्रतिस्पर्धी ठरली.

या कायद्यांचा हेतू व्यसननिवारणाचा होता, असे म्हणणे कठीण आहे. मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध घातले गेले, त्यावरून रोख कोठे होता हे दिसते. स्कॉटलंडातही 1781 मध्ये घरगुती गाळपावर बंदी आली, ती करासाठीच. 1921 नंतर द्विदल राज्यपद्धतीत अबकारी व शिक्षण ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली, तेव्हा शाळांचा खर्च दारूच्या उत्पन्नातून भागविण्याचा पेच उभा राहिला.

काँग्रेस मंत्रिमंडळाने 1938 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा केला. पुढे 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा 1959 मध्ये या भागास लागू झाला. हेतू पालटला, परंतु हत्यार तेच राहिले. महसुलासाठी घडविलेली झडती, जप्ती व दंड यांची यंत्रणा आता नीतीच्या नावाने चालू लागली.

2007 मध्ये राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देणारी योजना आणली. पावसाने काळी पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, हे तिचे समर्थन. ताटातले धान्य दारूत जाईल, हा तिच्यावरील आक्षेप. कुणब्याने जे शतकानुशतके टाळले, ते अनुदानाच्या बळावर आरंभले जात होते. घरची मोहाची भट्टी मात्र गुन्हाच राहिली.

याचा अर्थ घरभट्टी निर्दोष होती असा नव्हे. दारूचा भार संसारात प्रथम स्त्रियांवर पडतो आणि विदर्भातील दारूबंदीच्या चळवळींत त्याच अग्रभागी राहिल्या, हे विसरता येत नाही. प्रश्न आहे तो निर्णयाच्या अधिकाराचा. धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार ग्रामसभेस देण्याची तरतूद केली. मक्तेदार, अबकारी निरीक्षक आणि दारूबंदीचा शिपाई यांच्यानंतर प्रथमच मोहाविषयीचा निर्णय मोह वेचणाऱ्यांच्या सभेपुढे आला. त्या सभेत वेचणाऱ्या स्त्रीचा शब्द किती चालतो, यावर या दीर्घ इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून आहे.