आमिष, ट्राउट मासेमारीतील

ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मांसाहारी मासा. त्याच्यासाठी गळाला लावायची आमिषे दोन प्रकारची असतात: गांडूळ, अळ्या, माशांची अंडी ही नैसर्गिक, तर धातूची फिरती पाती (स्पिनर) आणि पिसे व दोरा यांनी गळावर बांधलेली ‘माशी’ ही कृत्रिम. निवड पाण्यावरून ठरते. पावसाने गढुळलेल्या प्रवाहात ट्राउटची नजर पोचत नाही. तेथे वास सुटणारे गांडूळ किंवा पाण्यात कंप उठवणारे पाते कामी येते. नितळ पाण्यात मासा फार सावध असतो, म्हणून बारीक दोरा आणि लहान माशी हवी.

माशीचे शास्त्र मुख्यतः इंग्लंडमधील हॅम्पशरच्या टेस्ट व इचेन या नद्यांवर घडले. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ च्या आपल्या ग्रंथात पृष्ठभागावर तरंगणाऱ्या ‘कोरड्या’ माशीचा पुरस्कार केला. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये बुडत्या माशीची बाजू मांडली. ट्राउट बहुतेक अन्न पाण्याखालीच घेतो, त्यामुळे स्क्यूज यांचे म्हणणे अधिक पटते. नवख्याने आधी नदीतला एखादा दगड उलटून त्याखालच्या अळ्यांचा रंग व आकार पाहावा आणि तशीच माशी निवडावी. दुकानातल्या झगमगीत आमिषांपेक्षा तो दगड जास्त सांगतो.

भारतात ट्राउट ब्रिटिश काळात आणला गेला. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील नद्यांत तो आज चांगला रुजला आहे. तेथे गळ टाकण्यासाठी मत्स्यविभागाचा परवाना लागतो.