मैदान, तालीम आणि दाखला

चाकणच्या खराबवाडीच्या बाजूला, कंपनीची भिंत आणि भाड्याच्या खोल्यांची रांग यांच्यामध्ये एक मोकळा प्लॉट आहे. बिहार, ओडिशा, लातूर, नांदेड इथून आलेल्या कामगारांची पोरे तिथे संध्याकाळी अनवाणी फुटबॉल खेळतात. त्यांतल्या बारा वर्षांच्या एका डावखुऱ्या मुलाला मी गेल्या वर्षी निवड चाचणीला घेऊन गेलो. खेळ पाहून प्रशिक्षक खूश झाले. मग त्यांनी जन्मदाखला मागितला. तो नव्हता. मुलाची आई म्हणाली, "सर, घर पर ही पैदा हुआ था, कागज कौन बनवाता?"

नियम वाईट नाही. वय चोरण्याची खोड आपल्या मैदानांवर जुनी आहे आणि महासंघाने वयाचा पुरावा मागितलाच पाहिजे. पण 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद होते ती जन्मस्थळी. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे चाकणमधल्या कंत्राटी कामगाराने रोज बुडवून बिहारमधल्या तालुक्याला खेटे घालायचे. जिथे महाराष्ट्राचा अधिवास विचारतात, तिथे 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. 2015 साली इथे आलेल्या बापाला तो 2030मध्ये मिळेल. तोवर पोरगा मोठ्यांच्या संघाच्या वयाचा झालेला असेल.

गुण दिसूनही दाराबाहेर राहणे पुण्याला नवे नाही. चर्मकार समाजातले पालवणकर बाळू 1890च्या दशकात पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत. आपल्याला बाद केले की ग्रेगसाहेब आठ आणे देई, असे सांगतात. तासन् तास चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. हिंदूंच्या संघाने त्यांना घ्यावे की नाही यावर वाद झाला, तेव्हा खुद्द ग्रेगने त्यांची बाजू घेतली. संघात जागा मिळाली, पण चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

जातीची अस्पृश्यता आणि कागदाची अडचण एकाच मापाने मोजता येणार नाही, हे मला कळते. मला बाळूंच्या कथेतला ग्रेग महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या खेळाडूसाठी आतला कोणीतरी बोलावा लागतो.

कोल्हापुरात हे काम तालमी करतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. नावे कुस्तीच्या आखाड्यांची, संघ फुटबॉलचे. पोरगा कोणाचा, कुठल्या पेठेतला, हे तालमीला ठाऊक असते. बुटाचे पैसे, शाळेची चिठ्ठी, प्रसंगी दवाखाना, सगळे तीच बघते. 1940पासून केएसए स्पर्धा भरवते आहे. याच गावातल्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्याच संघात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता. त्या देशातल्या बहुतेक क्लबांत मुलांच्या प्रशिक्षणाची भलीमोठी फी पालक भरतात. म्हणून मेक्सिकोतून वा मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांची कितीतरी पोरे रविवारच्या आपापल्या लीगमध्येच खेळत राहतात आणि निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडत नाहीत. खराबवाडीच्या प्लॉटवर हे वाचताना मला हसू आले नाही.

चाकणला तालमी नाहीत असे नाही, पण त्या गावच्या आहेत. भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा. बापाचे कंत्राट संपले की कुटुंब रांजणगावला नाहीतर थेट गावी. दोन वर्षांत त्या प्लॉटवरचा जवळजवळ अर्धा संघ बदललेला मी पाहिला. अशा पोरांची हमी कोणत्या पेठेने घ्यायची?

डावखुरा अजून इथेच आहे. मे महिन्यात बाप त्याला घेऊन गावी जाईल. दंडाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मी हिंदीत लिहून दिला आहे, शाळेचा दाखला जोडला आहे. किमान आठ दिवसांचा रोज बुडेल. तो कोणी भरून द्यायचा, यावर प्लॉटच्या कडेला बसून आमची चर्चा चालू आहे.