उघड्यावरची सिगरेट आणि राजाची दवंडी

अमेरिकेत १ जून २०१३ पासून स्टारबक्सने स्वतः चालवलेल्या दुकानांबाहेर २५ फुटांच्या आत सिगरेट ओढायला मनाई केली. आत तर ती आधीपासूनच होती. यावर नेहमीच्या गिऱ्हाइकाची हरकत अशी, की बंद खोलीतली बंदी समजू शकते, पण डोक्यावर आभाळ असताना कसली बंदी? मी पैसे देऊन कॉफी घेतो, बाहेर बसतो, त्यात कोणाचे काय जाते?

मी जन्मात विडी ओढलेली नाही. पण बरीच वर्षे इतिहास शिकवल्यामुळे हे गाऱ्हाणे मला लगेच झटकून टाकता येत नाही. कारण कॉफी आणि तंबाखू यांच्यावरच्या बंद्यांचा इतिहास काही फारसा निर्मळ नाही.

१६३३ साली इस्तंबूलमध्ये मोठी आग लागली. ते निमित्त करून सुलतान चौथ्या मुरादने तंबाखूवर बंदी घातली आणि शहरातली कॉफीघरेही बंद केली. कित्येकांना तर त्यापायी प्राणास मुकावे लागले. पुढे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीघरे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. कारण काय, तर तिथे बसून लोक सरकारची निंदानालस्ती करतात! लोक इतके खवळले, की अंमल सुरू होण्याआधीच राजाला हुकूम मागे घ्यावा लागला. म्हणजे धूर आणि पेला ही निमित्ते, खरी भीती चार माणसे एकत्र बसून बोलतात याची. आजच्या गिऱ्हाइकाला बंदी म्हटली की संशय येतो तो काही अगदीच उगाच नाही.

मग आताची बंदीही तशीच का? इथे मात्र फरक आहे. मुरादाकडे पुरावा नव्हता, आज आहे. १९८१ साली जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः सिगरेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचे नवरे खूप सिगरेट ओढत, त्या बायकांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका अधिक दिसला. ओढणारा एक, भोगणारी दुसरी. तंबाखू कंपन्यांनी या पाहणीवर पुष्कळ चिखलफेक केली, पण पुढच्या संशोधनाने निष्कर्ष पक्काच होत गेला.

आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून पबमध्येसुद्धा धूम्रपान बंद केले, तेव्हा कारण दिले ते तिथे काम करणाऱ्यांच्या तब्येतीचे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाईक अर्ध्या तासाने उठून जाते, वेटर दिवसभर तिथेच असतो. आपल्याकडेही २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेलांसह सार्वजनिक जागी बंदी आली.

आता उघड्यावरचे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ साली मोजून दाखवले, की बाहेरसुद्धा ओढणाऱ्याच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर, धुराचे प्रमाण कधीकधी घरातल्याइतके असते. मात्र सहा-सात फुटांपलीकडे ते झपाट्याने उतरते. म्हणजे शेजारच्या टेबलावर लेकुरवाळी बाई बसली असेल तर आभाळाचा आधार घेता येत नाही. आणि वीस फुटांवर एकटाच उभा असलेला माणूस कोणाचे नुकसान करतो, असे कोणी विचारले, तर त्यालाही गप्प बसवता येत नाही. अंतर पुराव्याने ठरावे, रागाने नव्हे, एवढे त्याचे म्हणणे मी मान्य करीन.

पण दुकानदाराचा नियम म्हणजे सुलतानाची दवंडी नव्हे. इथे कोणाचे बोलणे बंद होत नाही, गप्पांचा अड्डा मोडत नाही. गिऱ्हाईक पेला हातात घेऊन चार पावले पलीकडे जाऊ शकते. टेबल पुसणाऱ्या पोराला तेवढीही मुभा नसते. म्हणून "कोणाचे काय जाते?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण आधी त्याला विचारावा.