हात, हातमोजा आणि अतिदक्षता विभाग

१/१३
ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओच्या रुग्णांचा लोंढा लागला होता. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले ३१ रुग्ण पहिल्या तीन आठवड्यांत दाखल झाले. त्यांपैकी २७ दगावले. श्वास देणारी यंत्रे होती जेमतेम सात. अतिदक्षता विभागाचा जन्म या संकटातून झाला. आज हाच विभाग प्लॅस्टिक, पाणी आणि वीज इतक्या प्रमाणात का वापरतो, याचा शोध घेणारा हा धागा.

२/१३
ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यात नळी बसवण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून इब्सेनने तिच्या फुप्फुसांत प्राणवायू भरण्यास सुरुवात केली. मुलगी वाचली.

३/१३
पण पिशवी दाबणार कोण? सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसले. महिनोन्महिने त्यांच्या हातांनी इतरांचा श्वास चालू ठेवला. ८७ टक्क्यांवर पोहोचलेला मृत्युदर सुमारे २५ टक्क्यांपर्यंत उतरला. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेनने त्याच शहरातील कम्यून रुग्णालयात स्वतंत्र विभाग उभा केला. तोच जगातील पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो.

४/१३
त्या काळच्या रुग्णालयांत फेकून देण्यासारखे फारसे काही नसे. काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा वापरीत, बोथट सुयांना धार लावीत, रबरी नळ्या धुऊन वाळवीत. हातमोजेही धुतले जात. फाटले तर त्यांना ठिगळ लावले जाई.

५/१३
हातमोज्याचा उगमही मनोरंजक आहे. १८८९च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत. तिच्यासाठी शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी रबराचे पातळ मोजे बनवून घेतले. पुढच्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. रुग्णाचे जंतुसंसर्गापासून रक्षण हा मोज्याचा उपयोग नंतरचा. तो आला होता एका परिचारिकेचे हात वाचवायला.

६/१३
मग ‘एकदा वापरा आणि फेका’ ही रीत कशी रुजली? दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक स्वस्त झाले. नीट न उकळलेल्या सुया-सिरिंजमधून कावीळ पसरते, हे ध्यानात आले. धुण्या-उकळण्यासाठी लागणाऱ्या माणसांचे वेतन वाढले आणि बंद पाकिटातील वस्तू कारखान्यातच किरणोत्साराने निर्जंतुक करता येऊ लागली. त्या वेळी ही कारणे रास्तच होती.

७/१३
पुढे एड्स आला. १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी सांगितले की, प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे समजूनच काळजी घ्यावी. नियम रक्ताशी आणि काही विशिष्ट शरीरद्रवांशी येणाऱ्या संपर्कापुरता होता. सवय मात्र नियमाच्या पुढे धावली. रुग्णाची उशी सारखी करायची असली तरी हात मोज्यांच्या खोक्याकडे जाऊ लागला.

८/१३
या सवयीचे मोजमाप रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राने केले. आपल्या अतिदक्षता विभागात २०१९ या वर्षात आलेली प्रत्येक वस्तू त्यांनी हिशेबात धरली. एका रुग्णामागे एका दिवसाला १७ किलो साहित्य लागत होते आणि ते बनवण्यापासून त्याची विल्हेवाट लावेपर्यंत सुमारे ३०० लिटर पाणी खर्ची पडत होते. सर्वाधिक भार टाकणाऱ्या पाच वस्तूंत साधे, निर्जंतुक न केलेले हातमोजे होते.

९/१३
लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातील परिचारिकांनी २०१८ साली एक साधा प्रश्न विचारला: हे काम करताना मोजा खरोखर लागतो का? मोजा घातला की हात धुण्याचा विसर पडतो, हेही त्यांनी सहकाऱ्यांना पटवले. जिथे रक्ताचा किंवा घातक औषधाचा संबंध, तिथे मोजा. एरवी स्वच्छ धुतलेला हात. पहिल्याच वर्षी २१ टन प्लॅस्टिक वाचले.

१०/१३
तरीही डोळ्यांना दिसतो तो कचरा. वीज दिसत नाही. सेप्टिक शॉकच्या रुग्णांवरील उपचारांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका रुग्णामागे दररोज ऑस्ट्रेलियातील रुग्णालयात ८८ किलो, तर अमेरिकेतील रुग्णालयात १७८ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होत होते. दोन्हीकडे त्याचा बहुतांश वाटा विजेचा आणि वातानुकूलनाचा होता.

११/१३
मग सारे पुन्हा जुन्यासारखे धुऊन वापरावे का? भूल देताना लागणाऱ्या नळ्या आणि मुखवट्यांचा मेलबर्नच्या संशोधकांनी २०१७ साली असाच हिशेब केला. धुऊन वापरल्याने खर्च ४६ टक्क्यांनी घटत होता. उत्सर्जन मात्र सुमारे १० टक्क्यांनी वाढत होते, कारण तेथील वीज कोळशाची होती. तीच उपकरणे युरोपातील विजेवर धुतली असती, तर उत्सर्जन ८४ टक्क्यांनी घटले असते.

१२/१३
चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर दिवे लावणाऱ्या महाराष्ट्रानेही हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रुग्णालयातील नळीचा हिशेब वीजकेंद्राच्या धुराड्यापर्यंत जातो. म्हणून प्रत्येक वस्तूमागे विचारावे: ही रीत कोणत्या भीतीपोटी आली, ती भीती आज कुठे खरी आहे आणि कुठे नुसती सवय उरली आहे? जिथे भीती खरी आहे, तिथे काटकसर करू नये. तिथे चूक झाली तर तिची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

१३/१३
शेवटी पुन्हा कोपनहेगन. १९५५ साली पोलिओची लस आली आणि डेन्मार्कने त्याच वर्षी मुलांना ती टोचायला सुरुवात केली. ज्या खाटांशेजारी विद्यार्थी पिशव्या दाबत बसले होते, त्या खाटांची पोलिओसाठी गरजच हळूहळू संपली. अतिदक्षता विभागाचा भार हलका करण्याचा याहून मोठा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही: माणूस तिथवर पोहोचूच नये, याची आधी व्यवस्था करणे.