सुप्पांडीचे चित्रकार राम वाईरकर

राम वाईरकर हे ‘अमर चित्र कथा’ आणि ‘टिंकल’ या मुंबईतून निघणाऱ्या प्रकाशनांचे चित्रकार. देवादिकांपासून वेंधळ्या गड्यापर्यंत सारे त्यांच्या हातून उतरले. लोकांच्या तोंडी राहिला तो मात्र गडी.

‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे १९६४ पासून वेताळ (म्हणजे ‘फँटम’) घरोघरी पोचला होता. ते काम पाहणारे अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा ‘कृष्ण’, आणि त्याची चित्रे वाईरकरांची. मालिकेला तिची वाट सापडली ती इथे.

पुराणकथेत चित्रकाराला जपून वागावे लागते. मुकुट किंवा आयुध चुकले की हरकत येते. विनोदात तसला धाक नसतो, पण शेवटच्या चौकटीत हसू फुटले नाही तर आधीची सारी मेहनत वाया. नोव्हेंबर १९८० मध्ये ‘टिंकल’ हे मुलांचे नियतकालिक निघाले आणि या कामाला हक्काची पाने मिळाली.

सुप्पांडी आला १९८३ मध्ये, तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या तमिळ लोककथेतून. त्याला रूप दिले वाईरकरांनी: लांबोळके डोके, किडकिडीत अंग आणि चेहऱ्यावर काम चोख झाल्याचे समाधान. मालकाचा शब्द तो अक्षरशः पाळतो आणि घोटाळा करतो. इथे चित्रकाराची खरी परीक्षा असते. सुप्पांडी किंचितही लबाड दिसला तर विनोद मेलाच. म्हणून संताप सगळा मालकाच्या चेहऱ्यावर, आणि हा आपला निर्मळ.

याच काळात वसंत हळबे यांचा शिकारी शंभू आला. टोपी नाकापर्यंत ओढलेली, त्यामुळे डोळे कधी दिसतच नाहीत. तो भिऊन पळतो आणि त्या धांदलीतच जनावर पकडले जाते. प्रदीप साठे यांनी कालिया कावळा काढला, अशोक डोंगरे यांनी तंत्री मंत्री. मुलांना ‘अंकल पै’ ठाऊक होते, पण या चित्रकारांची नावे फारशी कुणाला माहीत नव्हती. मराठी विनोदाच्या चर्चेतही ती सहसा येत नाहीत. ‘टिंकल’ इंग्रजीत निघत असे, हे त्याचे एक कारण असावे. पण ते पुरेसे नाही.

वाईरकर २००३ मध्ये वारले. सुप्पांडी पुढे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर काढू लागल्या.